ओटीवरून फुटलेली बातमी

माझ्या ओटीवर बसून चहा पिणाऱ्यांतलंच कोणीतरी कंपनीला जाऊन सांगतं, हे तिसऱ्या वेळी नक्की झालं. त्या दिवशी मी कपबशा तशाच मोरीत टाकल्या आणि एकेकाचं तोंड आठवत बसले.

रोह्याच्या अलीकडे पावाची मोठी कंपनी आहे. आमच्या कासूतली माणसं, तिकडे जित्यापर्यंतची माणसं, रोजच्या गाडीनं तिथं कामाला जातात. मुंबईवाल्यांनी सकाळी चहात बुडवलेला पाव आमच्या पोरांच्या हातचा असतो, पण पोरं काही पर्मनंट होत नाहीत. कंपनी माणसाला ठेवायची, काढायची, पुन्हा नवा म्हणून घ्यायची. भट्टीपुढं कोपरापर्यंत हात भाजून निघाले तरी माणूस टेंपरवारी. युनियन म्हणाली पर्मनंट करा. कंपनी म्हणाली बघू. दोन वर्षं ती बघतच होती. बघून बघून माणसाचे डोळे तरी दुखतात, कंपनीचे तेही दुखेनात.

मग युनियननं ठरवलं, एक दिवस सकाळच्या पाळीनं अचानक आत जायचंच नाही. अचानकपणात सगळी गोम. भिजवलेलं पीठ कोणासाठी थांबत नाही. ते वेळेवर भट्टीत गेलं नाही तर आंबून जातं, मुंबईच्या गाड्या रिकाम्या जातात आणि साहेबाला फोनवर शिव्या बसतात. पण आधी कळलं तर कंपनी पनवेलहून ठेकेदाराची माणसं आणते आणि पाव आपला ठरल्या वेळी निघतो.

तीनदा बंद ठरला. तिन्ही वेळा आमची माणसं गेटवर पोचायच्या आत ठेकेदाराचे ट्रक उभे, पोलिसांची गाडी उभी, आणि गुप्ते मॅनेजर दात कोरत उभा. "काय रे जगन, आज उशीर केलास?" म्हणून माझ्याच मुलाला विचारायचा.

जगन युनियनचा सेक्रेटरी. घर स्टेशनाला लागून, म्हणून बैठक माझ्या ओटीवर. बैठकीला माणसं चार. अध्यक्ष बाबाजी पाटील, भट्टीवरचे जुने. माझा जगन, तोही भट्टीवरच. माझी सून सरू, ती पॅकिंगमध्ये, बायकांच्या वतीनं बसायची. आणि चौथा सॉलोमन, आमच्याच गावचा बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू, मिक्सिंगचा मुकादम. मिक्सिंग म्हणजे जिथं मैदा भिजवून खमीर लावतात ते खातं. इतर कामगारांना बंदाचं कळायचं ते सकाळी, गाडीतून उतरल्यावर. म्हणजे आदल्या दिवशी ठाऊक असणारी ही चार तोंडं. पाचवं माझं, पण माझ्या तोंडाबद्दल कोणाची बोलायची छाती नव्हती.

बाबाजी घ्या. त्यांचा पुतण्या नुकताच कंपनीत चिकटला होता, कोणाच्या शब्दानं ते कोणी सांगेना. माझी सरू घ्या. तिचा भाऊ मैना ट्रान्सपोर्ट नावाच्या गाडीवाल्यांकडे, जित्याहून कंपनीच्याच पावाची गाडी चालवायचा. आणि सॉलोमन. सॉलोमनवर तर बोटं पाचही उठत. ते लोक शनिवार पाळतात, चूलसुद्धा पेटवत नाहीत, आणि कंपनीनं त्याला पहिल्या दिवसापासून शनिवार सोडला होता. आमच्या माणसाला भाताच्या आवणीला दोन दिवस सुट्टी मिळत नाही आणि याला दर आठवड्याला शनिवार! वर वर्षाला त्यांच्या सणाचे आठ दिवस. कंपनी एवढी मायाळू कशी झाली? त्याचा भाऊ हासाजी केव्हाच इस्रायलला गेला होता. लोक म्हणत, याचा एक पाय विमानात, आपल्या पोरांचं काय झालं तरी याचं काय जातंय?

मी काही म्हणत नव्हते. मी बघत होते. कोण चहा अर्धा ठेवतो, कोण उठताना रस्त्याकडे बघतो, कोण कोणाच्या आधी निघतो. सरू चहा घेऊन आली की मी तिच्या हाताकडे बघायची, थरथरतो का म्हणून.

"आई, साखर कमी पडली काय?" तिनं एकदा विचारलं.

"साखर बरोबर हाय. तू तुझं काम कर."

सॉलोमन गालात हसला. त्याला मी काय बघते ते कळलं होतं. मग मी त्याच्याकडे बघायला लागले.

तिसऱ्या वेळेनंतर बाबाजी म्हणाले, "आता गावदेवीला कौल लावू. माणसं खोटं बोलतील, देवी बोलणार नाय."

जगन म्हणाला, "काका, आपली युनियन हाय. लाल बावटा घेऊन देवळात जायचं?"

"बावटा बाहेर ठेव."

मला ते पटलं नव्हतं. देवीला पाऊसपाणी आहे, रोगराई आहे, तिला पावाच्या कंपनीच्या भानगडीत कशाला ओढायचं? आणि खरं सांगायचं तर पाकळी सरूच्या नावावर पडली असती तर माझ्या घराची अब्रू त्या चौथऱ्यावर राहिली असती. पण मी मागे हटले तर लोक काय म्हणाले असते? मी म्हटलं, "लावा. आधी माझ्या घरापासून लावा."

सॉलोमन उठून उभा राहिला. "मला यातून वगळा, वैनी. तुमच्या देवीचा मान हाय, वर्गणी मी दर जत्रेला देतो. पण आमचा देव एकच. दुसऱ्यापुढं उभं राहून मी साक्ष काढू शकत नाय."

"साक्ष काढायला चोरालाच भीती वाटते," बाबाजी म्हणाले.

"भीती नाय बाबाजी, रीत हाय."

"रीत सोयीची हाय तुमची."

सॉलोमननं चपला घातल्या आणि गेला. चहा मात्र त्यानं संपवला होता, ते मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. कोणाचं नाव घ्यायचं नाही असं मी आधीच बजावलं होतं, एकदा नाव घेतलं की ते माणसाला पुसता येत नाही. म्हणून बाबाजींनी खात्यांची नावं घेतली. भट्टीतून बातमी जाते काय? डावी पडली. पॅकिंगमधून जाते काय? डावी पडली. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. मिक्सिंगमधून जाते काय?

उजवी पडली. पडली कसली, कोणी टिचकी मारावी तशी उडाली.

त्यानंतर कोणाला काही बोलावं लागलं नाही. मिक्सिंगमधला बैठकीत बसणारा एकच. सॉलोमनला कमिटीतून काढलं. गाडीत तो बसला की बाक रिकामा व्हायचा. त्याच्या डब्याशी कोणी डबा उघडेना. त्याची बायको सिपोरा माझ्या विहिरीवर यायची ती लांबच्या विहिरीवर जायला लागली. मी तिला अडवलं नाही. देवीनं सांगितलं त्यापुढं मी कोण?

मग चौथा बंद ठरला. या वेळी ओटीवर बाबाजी, जगन, सरू. मी पडवीचं दार लावून घेतलं. सॉलोमनला वारासुद्धा लागू दिला नाही.

सकाळी ट्रक उभे. पोलीस उभे. गुप्ते दात कोरतोय.

जगन त्या दिवशी घरी आला तो बायकोकडे न बघता आत गेला. आता उरलं कोण? बाबाजी आदल्या दिवशी संध्याकाळपासून जगनबरोबरच होते, झोपलेसुद्धा आमच्याकडे. बैठकीनंतर कंपनीच्या आत कामाचा निरोप घेऊन गेली होती ती एकटी सरू, आणि तिचा भाऊ कंपनीच्या गेटात गाडी लावून बसलेला असतो. बाबाजी फक्त म्हणाले, "पुढची बैठक माझ्याकडं घेऊ." माझ्या ओटीला त्यांनी टाळा लावला तो त्या एका वाक्यानं.

रात्री जेवताना जगन सरूला म्हणाला, "भावाला भेटली होतीस काय गो?"

"गेटात दिसला. हात केला. भावाला हात करायचा नाय?"

"हात केला म्हणजे काय सांगितलं?"

सरूनं ताट सरकवलं. "मी जातेय जित्याला. आईबापाला बोलवा, पंच बोलवा, काय विचारायचं ते चारचौघांत विचारा. मग मी या घरात पाय ठेवायचा का नाय ते ठरवते."

मला तिचा राग आला आणि बरंही वाटलं. चोराला पंच नको असतात. पण मनातला किडा काही मेला नाही. मी म्हटलं, "कुठं जायचं नाय. तुझ्या आईबापालाच इकडं बोलवते. रविवारी येऊ देत. आणि ही गोष्ट या चार भिंतींच्या बाहेर जायची नाय."

गावात कोणाला सांगितलं नाही. निरोपसुद्धा परगावच्या माणसाबरोबर धाडला. व्याही येणार, मग काही झालं तरी ताटात बिरडं हवं. भांडण असलं म्हणून काय, आमच्या घरचं बिरडं खाल्ल्याशिवाय कोणी भांडून गेलेलं नाही. शुक्रवारी वाल भिजत घातले, शनिवारी उपसून फडक्यात बांधले, मोड यायला.

शनिवारी संध्याकाळी शेजारची धोंडुबाई विस्तव मागायला आली. विस्तव कसला, डोळे घेऊन आली. चुलीपाशी उभी राहून म्हणाली, "जित्याचे व्याही येतात वाटतं उद्या?"

मी फुंकणी खाली टाकली. मग संताप आला. "कोणी सांगितलं तुला? सरूनं सांगितलं?"

"अगो, सरू कशाला सांगेल? ती तर कोणाशी बोलत पण नाय हल्ली."

"मग कोणी? जगननं? बोल, नाहीतर विस्तव घेऊन जाऊ देणार नाय."

धोंडुबाई घाबरली बिचारी. खुंटीकडे बोट दाखवून म्हणाली, "एवढं मोठं गाठोडं बांधलंस वालाचं. घरच्या माणसांना एवढं लागतं काय? दहाबारा पानं दिसतात. आणि पॉलिश केलेल्या ताटल्या काढल्यास, म्हणजे व्याही. मला कोणी सांगायला कशाला हवं?"

ती गेली. मी तिथंच पाटावर बसले, गाठोड्याकडे बघत. फडक्यातून पाणी ठिबकत होतं. माणसं तोंड शिवून बसली होती आणि ते टांगलेलं गाठोडं सगळ्या आळीला ओरडून सांगत होतं.

मी सरूला हाक मारली. "बंदाच्या आदल्या दिवशी तू आत काय निरोप नेलास? शब्द न् शब्द सांग."

ती माझ्याकडे रोखून बघत राहिली. "आता तुम्ही पण?"

"विचारते ते सांग गो."

"मिक्सिंगच्या संध्याकाळच्या पाळीतल्या केरूला सांगितलं, आज अर्धंच लाव."

"अर्धं काय?"

"खमीर. दर वेळी सांगतातच की. आधी सॉलोमनभाऊ सांगायचे, या वेळी ते बैठकीत नव्हते म्हणून मी सांगितलं. उद्या कोणी पाव भाजणार नाय, मग एवढा मैदा भिजवून नासवायचा कशाला? बाबाजीकाकांचाच हुकूम हाय तसा पहिल्या बंदापासून. बंदाचं त्याला सांगायचं नाय, फक्त अर्धं लाव म्हणायचं."

"आणि गुप्ते संध्याकाळी मिक्सिंगमध्ये येतो?"

"रोज फेरी असते त्याची. टबांतून बघतो..." आणि सरू बोलता बोलता थांबली.

म्हणजे बघा. पहिल्या दिवसापासून हे असं चाललं होतं. शेतकऱ्याची जात आमची. कापणीनंतर खाली पडलेल्या लोंब्या वेचून आणणारी माणसं, त्यांच्या हातून भिजवलेलं पीठ फेकवणार कसं? कंपनीशी भांडू, साहेबाला शिव्या घालू, पण मैद्याचं काय चुकलं? बाबाजींनी एवढ्या सहज तो हुकूम दिला होता आणि सगळ्यांनी एवढ्या सहज तो ऐकला होता की ती बातमी सांगणं झालं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. गुप्त्याला खबऱ्या पाळायची गरजच नव्हती. टब अर्धा दिसला की तो पनवेलला फोन लावत होता. आणि देवी खरंच बोलली होती, मिक्सिंगमधूनच जात होतं. आम्हीच तिच्या उत्तराला माणसाचं तोंड लावलं.

दुसऱ्या दिवशी व्याही आले ते पंच म्हणून, जेवले पाहुणे म्हणून. जगन बायकोसमोर मान खाली घालून बसला होता. सरूनं त्याला बिरडं वाढलं, पण वाढताना डाव पातेल्यावर असा आपटला की तिचा बाप ठसकला. नंतर मोरीपाशी ती मला म्हणाली, "आई, तुम्ही पण माझ्या हाताकडं बघायचात. मला दिसत होतं."

"बघायची," मी म्हटलं. "घर माझं हाय, मी सगळ्यांच्याच हाताकडं बघते. तुझी वेळ आली की तू पण बघशील."

बाबाजींना बोलावून सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे मीच."

"तुम्हीच, भावोजी. आता रडू नका. पुढचा बंद ठरवा आणि पूर्ण खमीर लावा."

"आणि ते नासू द्यायचं?"

"नासू द्यायचं."

जगन म्हणाला, "केरूला सांगायचंच नाय. तो रोजच्यासारखं लावील."

बाबाजींनी मान हलवली. "केरूला फसवून त्याच्या हातून अन्न नासवायचं? उद्या त्याच्या घरात काही कमीजास्त झालं तर तो काय म्हणेल? आपल्याच माणसाला फसवायचं तर कंपनीत नि आपल्यात फरक काय?"

केरूला विचारलं. त्यानं दोन्ही हात मागे घेतले. "माझ्याच्यानं नाय होणार. माझी आई उपाशी मेली. ठरवून नासवायला मी मैद्याला हात लावणार नाय."

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि कोणाच्या मनात कोण आहे ते मला कळलं. इस्रायली लोक त्यांच्या सणाच्या आधी घर झाडून घेतात, खमिराचा कणसुद्धा घरात ठेवत नाहीत, असेल नसेल ते बाहेर टाकतात. सिपोरा दरवर्षी उरलेलं आंबवण माझ्याच उकिरड्यावर टाकायला यायची आणि मी दरवर्षी तिला म्हणायची, "काय गो, अन्न टाकतेस!" ती म्हणायची, "देवाचा हुकूम हाय, गिरजाबाय, मी कोण?" सगळ्या कंपनीत खमीर टाकायला ज्याचा हात कापणार नाही असा तो एकच. आणि त्यालाच आम्ही बाकावरून उठवलं होतं.

"तुम्ही जा, वैनी," बाबाजी म्हणाले.

"मी बातमी सांगायला जाते. माफी मागायला ज्यानं मागायची त्यानं जावं."

सिपोरा अंगणात माशांचं वाटण करत होती. मला बघून उठली नाही.

"वाट चुकलीस काय, गिरजाबाय? गावदेवी तिकडं हाय."

"ठाऊक हाय मला. तुझा नवरा कुठं हाय?"

"विमानात असेल. एक पाय तर तिथंच होता ना? दुसरा पण घालायला लावलात तुम्ही."

"गो सिपोरा, टोमणे मला पण येतात. पण ते उद्या. आज ऐक."

मी पायरीवर बसले आणि वालाच्या गाठोड्यापासून सगळं सांगितलं. सॉलोमन आतून येऊन दारात उभा राहिला होता. ऐकून झाल्यावर तो हसेल असं मला वाटलं होतं. हसला नाही.

"एवढी वर्षं मी त्या टबांपाशी उभा हाय," तो म्हणाला, "आणि मला पण नाय सुचलं. अर्धं लाव म्हणून मीच सांगत होतो. मी रात्री पडल्या पडल्या जगनचा संशय घ्यायचो."

"माझ्या जगनचा?"

"मग काय! तुम्ही माझा घेतलात, मी तुमचा घेतला."

मला त्याचा राग आला. पण तो बरोबरीचा व्यवहार होता.

मी पुढचं सांगितलं. पूर्ण खमीर लावायचं आणि सोडून द्यायचं. सिपोरा पाट्यावरून हात न काढता म्हणाली, "आता आठवण झाली होय! शेण काढायचं असलं की शेजारी आठवतो."

सॉलोमन म्हणाला, "आम्ही टाकतो ते देवासाठी टाकतो, वैनी. युनियनसाठी टाकलं तर ती पण नासाडीच. तुम्हांला पाप वाटतं, मला वाटत नाय असं समजू नका."

"मग नाय लावणार?"

"लावीन. टेंपरवारी पोरांच्या हाताचे फोड मी पण बघतो. पण बाबाजीला इथं येऊ दे. दिवसाउजेडी, वरच्या रस्त्यानं. मागच्या वाडीतून नाय."

बाबाजी आले. धोतर नेसून, टोपी घालून, वरच्या रस्त्यानं, आळीतल्या सगळ्या दारांसमोरून. दारं उघडी होती, कारण मी धोंडुबाईला आधीच सांगून ठेवलं होतं. अंगणात उभं राहून ते म्हणाले, "सॉलोमन, माझं चुकलं." एवढंच म्हणाले आणि पुढं काही सुचेना म्हणून सिपोराच्या कोंबड्यांना हुसकायला लागले. सिपोरानं पाणी आणून दिलं. तिनं तांब्या जरा जोरात ठेवला, पण दिलं.

मंगळवारी संध्याकाळी सॉलोमननं केरूला घरी धाडलं आणि स्वतः उभं राहून सगळे टब काठोकाठ लावले. गुप्त्यानं फेरी मारली, टब बघितले, पाठीवर हात बांधून निघून गेला. सकाळी गेटवर एक ट्रक नाही, एक पोलीस नाही. आमची माणसं गाडीतून उतरली आणि रस्त्यावर बसली.

सरू सांगत होती, दुपारपर्यंत खमीर टबांवरून उतू आलं, जमिनीवरून पसरलं, दाराच्या फटीतून बाहेर आलं. आंबट वास रस्त्यावर येत होता. गुप्ते आत-बाहेर करताना त्यात पाय अडकून बूट सोडून आला. गेटवरची माणसं हसत होती, पण बाबाजी आणि केरू नाही. दोघं पाठ करून बसले होते, त्या वासाकडे बघवत नव्हतं जसं काही.

तिसऱ्या दिवशी कंपनीनं बोलणी लावली. सगळे नाही, पण भट्टीवरचे आणि पॅकिंगमधल्या जुन्या बायका पर्मनंट झाल्या.

आणि पुढच्याच आठवड्यात गुप्त्यानं सॉलोमनला बोलावून सांगितलं, "इतकी वर्षं आम्ही तुझा शनिवार पाळला. आता तू आम्हांला ओळखत नाहीस, मग आम्ही का ओळखावं? येत्या शनिवारी कामावर आला नाहीस तर पुन्हा येऊ नकोस."

बैठक पुन्हा माझ्या ओटीवर. जगन म्हणाला, "लढू की." मी बाबाजींकडे बघितलं तसे ते म्हणाले, "आत्ता तर तडजोड झाली, वैनी. पोरं दमलीत. एका माणसाच्या शनिवारासाठी तीनशे माणसं पुन्हा रस्त्यावर बसतील काय? आणि खरं बोलू? अजून दोघंतिघं म्हणतात, पहिले तीन बंद त्यानंच फोडले असतील. खमीर पण फुटत होतं नि तो पण."

असा असतो संशय. कारण मेलं तरी तो जिवंत राहतो.

"कोण म्हणतो?" मी विचारलं. "नावं सांगा."

नावं कोणी सांगेना.

"मग मी सांगते. शनिवारी सॉलोमनच्या जागी मिक्सिंगमध्ये जो मैदा भिजवेल, तोच म्हणत होता असं मी धरीन. माझ्या उंबऱ्याशी त्याचा संबंध संपला, घरच्या कार्याचं बोलावणंसुद्धा येणार नाय."

"धमकी देता काय, वैनी?"

"व्हय."

शनिवार उजाडला. सॉलोमन घरीच. त्यांच्या घरातून धूर नाही. गाडी कामगारांना घेऊन गेली. मी दिवसभर कामं केली आणि एकही धड केलं नाही. ठेकेदाराचा ट्रक गेला की राहिला, केरू आत गेला की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. दुपारच्या गाडीनं कोणी परत आलं नाही, म्हणजे माणसं आत होती. आत काय करत होती?

चांदणी दिसायला लागली तसा त्यांचा शनिवार सुटला आणि सॉलोमन स्टेशनात येऊन उभा राहिला. मीही गेले. गाडी आली. माणसं उतरली, अंगावर नेहमीची मैद्याची पांढरी भुकटी. ती बघून सॉलोमनचा चेहरा उतरला.

केरू सरळ आमच्याकडे आला. "भाऊ, सगळे कामावर गेलो. भट्टी पेटवली, साचे पुसले, गोणी इकडच्या तिकडं केल्या. भिजवलं कोणीच नाय. गुप्त्यानं पाच जणांना सांगितलं, पाचही म्हणाले, मुकादम आल्याशिवाय माप कळत नाय. इतके शनिवार कळत होतं, आज कळेना झालं. मैदा कोरडाच हाय, एक मूठ नासली नाय. शेवटी म्हणाला, सोमवारी मुकादमाला पाठवा आणि शनिवारचं आधीसारखं चालू दे."

"असं तो स्वतः म्हणाला?" सॉलोमननं विचारलं.

"माझ्यासमोर."

"आणखी कोण होतं?"

"जगन होता. सरूवैनी दारात होती."

सॉलोमननं जगनकडे बघितलं. मग सरूकडे. मग माझ्याकडे, आणि माझ्या हातांकडे. मी ते हात पदराखाली घेतले नाहीत.

"चला, चहा घ्या," मी म्हटलं. "ओटीवर सगळे बसतील."

"नको वैनी," तो म्हणाला. "सोमवारी आत जाऊन बघतो आधी. मग येईन."

आणि तो वरच्या रस्त्यानं घरी गेला.